घणाचे काम नव्हे

मलप्रभेचा उगम ज्या गावी होतो ते कणकुंबी, म्हणजे खानापूर तालुक्याच्या पश्चिम सरहद्दीवरील, समुद्रसपाटीपासून सुमारे ७९२ मीटर उंचीचे, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेले खेडे, वृत्तपत्रे वाचणाऱ्या मराठी माणसाच्या कानावर बहुधा दोनच निमित्तांनी पडते: एक तर मृगापासून पुढे तेथे कोसळणाऱ्या पर्जन्याच्या निमित्ताने, नाहीतर कळसा नाल्याच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोवा या दोन राज्यांत चाललेल्या तंट्याच्या निमित्ताने. चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात उतरणारा प्रवासी माउलीच्या देवळाशी आणि उगमाच्या कुंडाशी घटकाभर थांबतो आणि पुढे जातो. यंत्रविद्येच्या संदर्भात या गावाचे नाव घेण्याचे त्याला काही कारण पडत नाही. तरीही जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनावरून काढलेली क्रँकशाफ्टची पुली पुन्हा जागेवर कशी चढवावी, हा वरवर पाहता अतिक्षुद्र वाटणारा प्रश्न मांडण्यासाठी मी याच परिसराची निवड करीत आहे. कारण बेळगावची लेथची दुकाने येथून चाळीसएक किलोमीटरांवर राहतात, पावसाळ्यात विजेचा भरवसा धरता येत नाही, आणि चिखलणीची मुदत टळली की भाताचे सबंध वर्ष हातचे जाते. साधनांची टंचाई आणि वेळेची निकड या दोहोंच्या कात्रीत माणूस सापडला म्हणजे त्याचा हात आपोआप घणाकडे जातो, आणि या कामी घणाकडे जाणारा हात आवरणे हेच अर्धे कौशल्य आहे.

ज्यांचा इंजिनाशी संबंध केवळ त्याचा आवाज ऐकण्यापुरता आहे अशा वाचकांसाठी प्रथम वस्तूची ओळख करून देणे अवश्य आहे. सिलिंडरांत डिझेलचे ज्वलन होऊन पिस्टन खाली लोटले जातात. त्यांच्या या वरखाली होणाऱ्या गतीचे वर्तुळाकार गतीत रूपांतर करणारा, ठिकठिकाणी कोपरासारखा वळलेला जो भरभक्कम पोलादी दांडा, तो क्रँकशाफ्ट. त्याच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील असते, आणि तेथून क्लच व गिअर यांच्या द्वारे सारी शक्ती चाकांकडे जाते. पुढचे टोक मात्र टायमिंग कव्हरमधील रबरी ऑइल सीलमधून बाहेर डोकावते, आणि त्या बाहेर आलेल्या बुंध्यावर बहुधा बिडाची ओतीव पुली घट्ट बसविलेली असते. या पुलीच्या खाचेतून फिरणारा पट्टा रेडिएटरमागचा पंखा, पाण्याचा पंप आणि बॅटरी भारणारा डायनॅमो चालवितो. म्हणजे ट्रॅक्टर ओढण्याच्या कामी पुलीचा काडीचाही वाटा नाही. पण ती सैल झाली, की पाणी उकळते, दिवे मंदावतात आणि पाऊण तासात शेतकरी बांधावर बसून राहतो.

पुली घट्टच का असावी लागते, हे एका साध्या हिशेबाने ध्यानात येईल. तीन सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर चार टप्प्यांच्या चक्रात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच जोर देतो. तेव्हा मिनिटाला तीन हजार, म्हणजे सेकंदाला पन्नास धक्के त्या दांड्याला बसतात. आपल्याला अखंड वाटणारी ती फिरकी वस्तुतः पन्नास हिसक्यांची मालिका असते. पुली आणि दांडा यांच्यामध्ये तिळमात्र ढिलाई राहिली तरी प्रत्येक हिसक्याबरोबर दोन धातू एकमेकांवर किंचित घासतात, त्या घर्षणातून काव कालविल्यासारखी तांबूस पूड पुलीच्या तुंब्याभोवती जमू लागते, आणि जाणता मेस्त्री इंजिन न उघडताच त्या पुडीवरून आतल्या बिघाडाचे निदान करतो. पुढे चावी कापली जाते, चावीचा गाळा रुंदावतो, आणि शेवटी ज्याची किंमत पुलीच्या अनेक पटींनी अधिक तो क्रँकशाफ्टच निकामी होण्याची वेळ येते.

येथे चावी म्हणजे कुलपाची नव्हे. दांड्याच्या पृष्ठावर खोदलेल्या गाळ्यात अर्धचंद्राच्या आकाराचा पोलादी तुकडा बसवितात, त्याचा वर उरलेला भाग पुलीच्या भोकातील खाचेत शिरतो, आणि दोघांना एकाच कोनात जखडून ठेवतो. पुष्कळांची अशी समजूत असते की पुली चावीच्या बळावर फिरते. ही समजूत या कामातील बहुतेक अनर्थांचे मूळ आहे. चावीचे कर्तव्य कोन सांभाळण्याचे. भार वाहण्याचे कर्तव्य पुलीचे भोक आणि दांडा यांच्यातील घट्ट मिठीचे आणि समोरून आवळलेल्या बोल्टाचे आहे. पुष्कळ इंजिनांच्या पुलीवर पिस्टन शिखरावर आल्याची खूण कोरलेली असते आणि डिझेलच्या पंपाची वेळ तपासताना तिचाच आधार घेतात. चावी सरकली की ती खूण खोटा दाखला देऊ लागते.

आपल्या मुलखातील जुने ट्रॅक्टर कोणते, याचाही थोडा हवाला दिला पाहिजे. देशात ट्रॅक्टर बनू लागले ते १९५९ मध्ये फरिदाबादला आयशरच्या कारखान्यातून. त्यानंतर १९६० मध्ये मद्रासला टॅफे कंपनी निघाली आणि तिने मॅसी फर्ग्युसन आणला. १९६३ मध्ये महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने बी-२७५ हे यंत्र काढण्याची तजवीज केली. आणि १९७१ पासून एच. एम. टी.चे झेटर जातीचे ट्रॅक्टर येऊ लागले. या पिढीतील यंत्रे अद्यापि शेतावर राबताना दिसतात, याचे श्रेय त्यांच्या घडणीला जितके आहे तितकेच ती उघडून पुन्हा जोडणाऱ्या, पदवी नसलेल्या कारागिरांना आहे. निपाणी-चिकोडीकडील सपाटीवर ऊस आणि तंबाखूच्या शेतांत ती नांगरतात आणि ओढतात. खानापूरच्या डोंगरपट्टीत, जांभ्या दगडाच्या उतारावर खोदलेल्या लहान खाचरांत, लोखंडी चाके लावून चिखलणी करतात, आणि तेथे उडणारा गढूळ चिखल रेडिएटरखालून नेमका त्या पुलीच्या तोंडावर जातो. एखादे वर्ष पुली उघडी पडून राहिली तर पश्चिमेकडून येणारी दमट हवा आपले काम करून जाते. आणि गंजाने जखडलेली पुली काढताना जी बळजबरी होते, तिचेच फळ पुढे पुली चढविताना भोगावे लागते.

पुली काढावी लागते ती मुख्यतः दोन कारणांनी: एक तर सील गळू लागून तेल पट्ट्यावर येते म्हणून, किंवा आतील टायमिंग गिअर पाहावयाचे असतात म्हणून. ट्रॅक्टरच्या बाबतीत नुसते तिथपर्यंत पोचणे हाच एक प्रवास असतो. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांना मोटारीसारखी स्वतंत्र चौकट नसते; इंजिन, गिअरपेटी आणि मागचा आस हेच एकमेकांना जोडून यंत्राचा कणा होतो, आणि पुढचा आस इंजिनाच्या तोंडाशीच बोल्टांनी धरलेला असतो. तेव्हा रेडिएटर उतरवून, इंजिनाखाली टेकू देऊन, पुढची चाके आसासकट बाजूला ओढून घेतल्याशिवाय पुलीसमोर सरळ उभे राहता येत नाही. हे सगळे उपद्व्याप करून, सील बदलून, कव्हर लावून झाले की संध्याकाळ होते. आणि अशा वेळी पुली अर्ध्यावर जाऊन अडकली की शेजारी उभा असलेला मालक म्हणतो, ‘‘घाला की मेस्त्री एक दणका!’’

तो दणका कोठे जातो, याचा विचार मालक करीत नाही, आणि घाईत मेस्त्रीही करीत नाही. क्रँकशाफ्ट आपल्या बेअरिंगांवर फिरताना पुढे-मागे सरकू नये म्हणून त्याच्या एका मधल्या किंवा मागल्या आधाराशी अर्धवर्तुळाकार पातळ चकत्या बसविलेल्या असतात; त्यांना थ्रस्ट वॉशर म्हणतात. त्यांच्यावर मऊ धातूचा लेप असतो आणि दांड्याला मिलिमीटरच्या काही दशांशांपुरतीच मागेपुढे होण्याची मुभा असते. पुलीवर मारलेला घाव दांड्याच्या सबंध लांबीतून प्रवास करून या कोवळ्या चकत्यांवर जाऊन आदळतो. चकती चेपली की दांड्याची मुभा वाढते, क्लच दाबला की तो पुढे सरकू लागतो, आणि दोन हंगामांनी इंजिन उघडावे लागते तेव्हा त्या संध्याकाळच्या दणक्याची आठवण कोणाला उरलेली नसते. शिवाय बीड हा धातू दाबाखाली समर्थ पण ताणाखाली आणि आघाताखाली अतिशय ठिसूळ. पुलीची कड हातोड्याने तुटल्याची उदाहरणे कोणत्याही गॅरेजात दाखविता येतील. घाव तिरका पडला तर पुली भोकातच वाकडी होऊन जागच्या जागी दांड्याला ओरखडते, आणि मग ती पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही.

घणाला पर्याय म्हणून आपल्याकडे जी विद्या आहे ती ट्रॅक्टरच्या पूर्वीची आहे, आणि तिचा धनी गावचा लोहार होता. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविण्याचा सोहळा ज्यांनी पाहिला आहे अशी माणसे आता थोडी उरली. सुताराने घडविलेल्या लाकडी चाकाच्या परिघापेक्षा किंचित आखूड अशी लोखंडी पट्टीची कडी लोहार बनवी. गोवऱ्यांच्या वर्तुळाकार आगटीत ती लालबुंद होईपर्यंत तापवी. मग तिघे-चौघे सांडशींनी ती उचलून चाकावर ठेवीत, आणि लाकूड पेट घेण्याच्या आत घडेच्या घडे पाणी ओतीत. सव्वा मीटर व्यासाच्या चाकाची धाव लाल होईपर्यंत तापली म्हणजे तिचा परीघ तीनएक सेंटिमीटरांनी वाढतो, आणि निवताना ती तितकीच आक्रसून तुंबा, आरे आणि लाकडी घेराचे सगळे तुकडे एकमेकांत करकचून आवळते. बलुत्याच्या धान्यावर राबणाऱ्या त्या कारागिराने उष्णतेने धातू प्रसरण पावतात हे सूत्र कोणत्याही ग्रंथात वाचलेले नव्हते. पण त्या सूत्राचा अंमल त्याच्या आगटीत पिढ्यान्‌पिढ्या चालू होता. क्रँकशाफ्टवर पुली चढविणे हे तत्त्वतः तेच कर्म आहे.

तत्त्व तेच असले तरी माप निराळे, आणि येथेच लोहाराचा वारसा आणि यंत्रयुग यांची वाट फुटते. धाव ज्या चाकावर चढावयाची त्या चाकासाठीच घडविलेली असे. चाक आणि धाव एकमेकांच्या ओळखीची असत. पुली मात्र एका कारखान्यात, दांडा दुसऱ्या कारखान्यात, आणि दोहोंची गाठ पडते ती तिसऱ्याच ठिकाणी. तरीही ती एकमेकांत बसतात याचे कारण दोन्ही कारखान्यांनी मिलिमीटरच्या शतांशापर्यंत पाळलेली मापाची शिस्त. ही शिस्त आमच्या बेळगावच्या मातीत कशी रुजली, हा इतिहास मोठा रंजक आहे. गुर्लहोसूर येथे १८६९ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर घडविले, आणि लोखंडाने जमीन विषारी होते असे मानणाऱ्या शेतकऱ्यांच्या गळी ते नांगर उतरविण्यासाठी बरीच यातायात केली. नगरपालिकेला त्यांची जागा हवी झाली तेव्हा १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांच्या आश्रयाने त्यांनी आपला संसार कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर हलविला, आणि तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याच कारखान्याच्या आवारातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले, हे ओतीव लोखंड आणि मराठी वाङ्मय यांचे नाते सांगणारे उदाहरण मला नेहमी कौतुकाचे वाटत आले आहे. लक्ष्मणराव गेले तरी बेळगावचा हुन्नर गेला नाही. उद्यमबागेत ओतशाळा आणि यंत्रकामाची दुकाने वाढली, आणि इंजिनांचे क्रँकशाफ्ट घडविण्यात या शहराने नाव कमावले. कणकुंबीच्या ट्रॅक्टरमधला दांडा खराब झाला तर तो जेथे दुरुस्तीला जावयाचा, ते ठिकाण हेच.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पुलीचे भोक चाळीस मिलिमीटरचे असेल तर दांडा त्याहून दोन-तीन शतांश मिलिमीटरांनी जाड ठेवलेला असतो. माणसाच्या केसाच्या जाडीचा हा निम्म्याहूनही कमी हिस्सा. पण तेवढ्यासाठी थंड पुली थंड दांड्यावर सरकवायला दोन-तीन टनांचे बळ लागते. आता बिडाचे प्रसरण असे, की प्रत्येक अंश सेल्सिअसला ते आपल्या लांबीच्या एक लाखांशाहून जरासे अधिक वाढते. पंचवीस अंशांची पुली उकळत्या पाण्यात ठेवली तर चाळीस मिलिमीटरचे भोक तीन शतांश मिलिमीटरांनी मोठे होते, म्हणजे जितकी अडचण तितकीच मुभा मिळते. कणकुंबीच्या उंचीवर पाणी शंभरऐवजी सत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते, एवढी तूट मनात धरावी. पण उकळत्या पाण्याचा मोठा गुण असा की ते आपल्या मर्यादेबाहेर तापतच नाही. चुलीवर पातेले ठेवून त्यात पुली वीस-पंचवीस मिनिटे उकळू द्यावी, हा उपाय ऐकायला हास्यास्पद वाटतो खरा, तथापि ज्या घरात थर्मामीटर नाही तेथे याहून खात्रीचा दुसरा नाही.

गॅसच्या भडक ज्योतीने पुली तापविण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो का आवरावा, याची दोन कारणे सांगता येतील. बीड एका बाजूने तापले आणि दुसऱ्या बाजूने थंड राहिले की आतील ताणाने तडकते. आणि दुसरे असे की पुलीचा गुळगुळीत तुंबा सरळ जाऊन त्या नव्या ऑइल सीलच्या रबरी ओठात बसतो. नेहमीच्या सीलचे रबर शंभर-सव्वाशे अंशांपलीकडची आच फार वेळ सोसत नाही. दोनशे अंशांची पुली आत सारून सील भाजून काढणारा मनुष्य ज्या गळतीसाठी एवढा उद्योग केला तीच पुन्हा विकत घेतो. घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर फिकट पिवळा रंग चढू लागला की तापमान दोनशेच्या वर गेले असे लोहार ओळखतात. या कामी तो रंग दिसता कामा नये. ज्या इंजिनांच्या पुलीत कंपने शोषण्यासाठी रबराचे कडे घातलेले असते तिला तर आग दाखवूच नये. ती थंडच ओढून बसवावी.

तापविण्याच्या आधीची तयारी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच तिची सर्वांत अधिक हेळसांड होते. दांड्याचा बुंधा रॉकेलने धुऊन, बारीक पॉलिश कागदाने नुसता गंज निघेल इतपत घासावा, धातू झिजेल इतका नव्हे. चावीच्या गाळ्याच्या कडा उठलेल्या असतील तर त्या बारीक कानशीने मोडाव्यात. चावी गाळ्यात बोटाने हलवून पाहावी. खुळखुळत असेल तर बदलावी, ठोकून रुंद करू नये. मग चावी पुलीच्या खाचेतूनही वेगळी सरकवून पाहून खातरजमा करावी, कारण पुली अर्ध्यावर गेल्यावर चावी अडते आहे असा शोध लागणे यासारखी दुसरी विपत्ती नाही. सीलचा ओठ ज्या तुंब्यावर घासतो त्यावर नखाने चाचपावे. नख अडकेल इतकी खोल चाकोरी पडली असेल तर नवा सीलही गळणारच, तेव्हा तुंब्यावर पातळ पोलादी बाही चढवून घ्यावी किंवा सील किंचित आतबाहेर बसवून त्याच्या ओठाला कोरी जागा द्यावी. बुंध्याला आणि सीलच्या ओठाला तेलाचा हात फिरविला की तयारी झाली.

पुली पातेल्यातून काढावी, फडक्याने पुसावी, आणि चावी व खाच यांची रेषा जुळवून एका ओघात, न थांबता दांड्यावर सारावी. थंड दांड्याशी गाठ पडताच ती उष्णता गमावू लागते, म्हणून मिळालेल्या काही क्षणांत जितकी जाईल तितकी जाऊ द्यावी. कधी ती थेट तळाला टेकते. बहुधा बोट-दीड बोट बाहेर राहते. येथे पाणी ओतण्याचा मोह धावेच्या स्मृतीने होऊ शकतो, पण तापलेले बीड पाण्याने तडकण्याचा धोका असतो. शिवाय येथे लाकूड जळण्याचे भय नसल्यामुळे घाईचे काहीच कारण नाही.

उरलेले अंतर ओढून काढावयाचे. दांड्याच्या टोकाला आत आटे पाडलेले भोक असते आणि पुलीचा मूळ बोल्ट त्यात आवळतो. पण पुली बाहेर असताना तो बोल्ट जेमतेम दोन-चार आट्यांनीच धरतो, आणि तेवढ्याच आट्यांवर सगळा भार टाकला की ते सोलून निघतात. दांड्याच्या आतील आटे सोलणे म्हणजे पुलीपायी इंजिन गमावणे. यावर इलाज असा: त्याच मापाच्या आट्यांचा, चांगल्या पोलादाचा लांब स्टड भोकात पुरेपूर फिरवावा, निदान बोल्टाच्या व्यासाइतकी तरी पकड आत असावी, त्यावरून जाड वायसर आणि जमल्यास एखादी जुनी चकतीची थ्रस्ट बेअरिंग घालावी, आणि बाहेरून नट आवळत न्यावा. स्टड जागचा हलत नाही, फिरतो तो नट, आणि त्याच्या दाबाने पुली तसूतसूने आत सरकते. सोळा मिलिमीटर व्यासाच्या उत्तम पोलादाच्या स्टडला सहा-सात टनांचा ताण सहज सोसतो. आणि अर्धा मीटर लांबीच्या पान्यावर पंधराएक किलोची ओढ दिली तरी आट्यांच्या उतरंडीमुळे दोन टनांहून अधिक बळ उत्पन्न होते. ज्या पुलीने चार गड्यांच्या घणाला दाद दिली नसती ती एका माणसाच्या मनगटाला वश होते.

यातील मर्म केवळ बळाच्या संख्येत नाही. नट पुलीला जितक्या जोराने आत ढकलतो तितक्याच जोराने स्टड दांड्याला बाहेर ओढतो. दोन्ही बळे त्या बुंध्याच्या चार बोटांच्या लांबीतच एकमेकांना छेदून संपतात. मागच्या थ्रस्ट वॉशरांपर्यंत त्यांतले काहीही पोचत नाही. घणाच्या घावाला मात्र उलट आधार द्यायला जवळ कोणी नसते, म्हणून तो सबंध यंत्र ओलांडून शेवटच्या आधाराशी जाऊन न्याय मागतो. हा एक भेद ज्याला उमगला त्याला बाकीचे नियम पाठ करण्याची गरज उरत नाही.

नट आवळताना दांडा फिरू लागतो, त्याचा बंदोबस्त इंजिन गिअरपेटीला जोडलेले असेल तर वरचा गिअर टाकून आणि ब्रेक दाबून करावा. पुलीच्या आऱ्यांत पहार अडकविण्याचा जो प्रघात काही ठिकाणी दिसतो तो बिडाच्या दृष्टीने आत्मघातकी आहे. पुली तळाला टेकली हे हाताला स्पष्ट कळते: तोवर एकसारखा वाटणारा विरोध एकाएकी कडक होतो आणि पान्याचा सूर बदलतो. तेथे थांबावे. पट्टा लावून पाहावा. पंप, पंखा आणि डायनॅमो यांच्या पुल्या क्रँकच्या पुलीशी एका सरळ रेषेत आल्या नाहीत तर पुली पुरती बसलेली नाही किंवा मागची तेल उडविणारी चकती उलटी बसली आहे, असे समजावे.

बुंधा मुळातच झिजला असेल तर मात्र उपाय गावात नाही. अशा वेळी टीनच्या डब्याची पातळ पट्टी मध्ये घालून पुली घट्ट करण्याची, किंवा चावीशेजारी वेल्डिंगचा टाका मारण्याची युक्ती सुचविणारे पुष्कळ भेटतात. पट्टी महिनाभरात चुरा होऊन निघते. आणि वेल्डिंगच्या उष्णतेने दांड्याच्या पोलादाचा स्वभाव बदलून नेमक्या त्याच ठिकाणी पुढे भेग जाते, शिवाय पुढच्या वेळी सील बदलावयाचा झाला की पुली कापूनच काढावी लागते. दांडा उतरवून बेळगावी न्यावा, बुंध्यावर धातू चढवून ग्राइंडिंगने मूळ मापावर आणून घ्यावा, आणि त्याच हेलपाट्यात पुलीचे भोकही मोजून घ्यावे. खर्च होतो, चार दिवस जातात, हे कबूल. पण निम्मे काम केलेल्या इंजिनाचा खर्च याहून पुष्कळ मोठा असतो, आणि तो बहुधा ऐन लावणीच्या आठवड्यात निघतो.

पुली बसली, लांब स्टड काढला, मूळ बोल्ट त्याच्या कुलूप-वायसरासह उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळला, की पुढचा आस आणि रेडिएटर जागेवर येतात. इंजिन सुरू करून अर्धा तास चालू द्यावे आणि सीलखाली कागद धरून तेलाचा थेंब पडतो का ते पाहावे. मग ते पुरते निवू द्यावे आणि बोल्टावर पुन्हा एकदा पाना लावावा. पुष्कळदा तो आणखी थोडा फिरतो, आणि तो फिरलाच तर दुसऱ्या दिवशीच्या चिखलणीनंतर तिसऱ्यांदाही पाहावे.